पाण्यापासून हायड्रोजन आणि स्वस्त उत्प्रेरकांचा शोध

आषाढांत आवणी आटोपली आणि रोपांनीं मूळ धरलें कीं शहापूर व मुरबाड तालुक्यांतील भात पिकविणाऱ्यास पहिली आठवण होते ती युरियाच्या पोत्याची. पोतें वेळेवर मिळालें तर फुटवे जोमानें येतात. न मिळालें तर रोप पिवळें पडतें आणि पुढची सारी मेहनत उणी ठरते. हें पोतें सोसायटीच्या गोदामांत कोठून येतें, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतों. त्याचें मूळ शोधीत गेलें असतां तें समुद्रापलीकडच्या नैसर्गिक वायूच्या विहिरींपर्यंत जाऊन पोंचतें. त्या वायूवांचून नत्राचें खत करण्याची एक रीति आहे व तींत कच्चा माल म्हणजे पाणी आणि हवा एवढाच लागतो. तीस लागणारी वीज कमी करणें व यंत्रांतील मौल्यवान् धातूंच्या जागीं लोखंड-निकेलसारखे साधे धातु बसविणें, ह्या कामीं आज जगांतील व आपल्या महाराष्ट्रांतील प्रयोगशाळा गुंतल्या आहेत. हें काम काय आहे, तें कोठवर आलें आहे, आणि त्यापासून शेतकरी बंधूंनीं कशाची आशा धरावी व कशाची धरूं नये, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पोत्यामागील हायड्रोजन

युरियांत नत्राचें प्रमाण शेंकडा ४६ असतें, हें पोत्यावरच छापलेलें असतें. हवेंत नत्रवायु शेंकडा ७८ आहे. तेव्हां नत्राची वाण नाहीं. परंतु हवेंतील नत्र भातास जसाच्या तसा घेतां येत नाहीं. त्याचा हायड्रोजन वायूशीं संयोग करून प्रथम अमोनिया करावा लागतो, व अमोनियाचा कर्बवायूशीं संयोग झाला म्हणजे युरिया होतो. हायड्रोजन, ज्यास जुन्या शास्त्रीय पुस्तकांत उज्जवायु म्हटलें आहे, तो हवेंत मोकळा जवळजवळ नसतोच. दुसऱ्या एखाद्या पदार्थांतून तो सोडवून घ्यावा लागतो. आपल्या देशांतील युरियाचे बहुतेक कारखाने तो नैसर्गिक वायूपासून काढतात. तुर्भें येथील व अलिबागजवळच्या थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचे कारखाने ह्याच प्रकारचे आहेत. ह्या वायूचा मोठा भाग परदेशांतून द्रवरूप करून जहाजानें आणावा लागतो. त्यामुळें दूर कोठें युद्ध जुंपलें, जसें २०२२ सालीं युक्रेनांत जुंपलें, कीं त्याची झळ खताच्या खर्चास लागते. शेतकऱ्यास ती एकदम जाणवत नाहीं, कारण पोत्याची किंमत सरकारनें बांधून दिली आहे व वरचा बोजा सरकारी तिजोरी सोसते. तथापि जो बोजा दुसऱ्याच्या मर्जीवर उभा आहे, तो सदासर्वकाळ उचलला जाईलच असें धरून चालणें शहाणपणाचें नव्हे.

आतां थोडा हिशेब करूं. शंभर किलो युरिया करण्यास सुमारें दहा किलो हायड्रोजन लागतो. म्हणजे ४५ किलोच्या एका पोत्यामागें साडेचार किलो. पाण्यांत वजनानें एक भाग हायड्रोजन व आठ भाग प्राणवायु असतो. म्हणून एक किलो हायड्रोजन मिळविण्यास नऊ लिटर पाणी फोडावें लागतें. एका पोत्याचा हायड्रोजन येणेंप्रमाणें चाळीस लिटर पाण्यांत, म्हणजे दोन-तीन हंड्यांत भरलेला आहे. अडचण आहे ती तो बाहेर काढण्याची.

पाणी फोडण्याची रीति

इंग्लंडांत निकोल्सन व कार्लाइल ह्या दोघांनीं १८०० सालीं विजेच्या घटाच्या तारा पाण्यांत बुडविल्या, तेव्हां एका तारेवर हायड्रोजनचे व दुसरीवर प्राणवायूचे बुडबुडे उठूं लागले. आजचीं मोठीं यंत्रें याच तत्त्वावर चालतात. धातूचे दोन पत्रे, त्यांच्यामध्यें विजेस वाट देणारें पण दोन वायूंस मिसळूं न देणारें पटल, आणि पाण्यांत विरघळविलेला कॉस्टिक पोटॅश, अशी त्यांची रचना असते. ज्या पत्र्यावर हायड्रोजन निघतो त्यास ऋणाग्र व ज्यावर प्राणवायु निघतो त्यास धनाग्र म्हणतात. ह्या क्रियेस विद्युत्-विघटन हें नांव आहे.

ह्या रीतीनें खत करणें ही नवी कल्पना नव्हे. नॉर्वे देशांत धबधब्यांची वीज मुबलक असल्यामुळें १९२९ च्या सुमारास तेथें पाण्यापासून काढलेल्या हायड्रोजनवर अमोनियाचा मोठा कारखाना चालूं झाला. आपल्या देशांतहि भाक्रा-नांगलच्या विजेवर नांगल येथें १९६१ सालीं असा कारखाना उभा राहिला व त्यांत कॅल्शियम अमोनियम नायट्रेट हें खत होऊं लागलें. पुढें विजेस अन्यत्र मागणी वाढली आणि तो कारखाना इंधन-तेलाकडे व त्यानंतर नैसर्गिक वायूकडे वळला. रीति खोटी ठरली नव्हती. तिला विजेचा खर्च झेपला नाहीं. म्हणून आज जो शोध चालला आहे त्याचें मर्म विजेच्या हिशेबांत आहे.

उत्प्रेरक म्हणजे काय

जो पदार्थ स्वतः खर्ची न पडतां रासायनिक क्रियेस सुलभ वाट करून देतो, त्यास उत्प्रेरक म्हणतात. याची कल्पना मुरबाडकरांस नाणेघाटावरून सहज येईल. खालून जुन्नरच्या पठारावर जावयाचें तर पठाराच्या उंचीइतका चढ चढावाच लागतो; त्यांत कोणास सूट नाहीं. परंतु वाट ठाऊक नसलेला मनुष्य हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर चढून मग पलीकडे उतरूं लागला, तर पठाराहून जितका अधिक चढला तितका श्रम वायां गेला. वाट जाणणारा मात्र खिंडींतून नीट वर जातो. उत्प्रेरक ही खिंड आहे. ती पठाराची उंची कमी करीत नाहीं. वायां जाणारा चढ तेवढा वांचविते.

विद्युत्-विघटनांत ही उंची व्होल्टांनीं मोजतात. पाणी फुटण्यास तत्त्वतः १.२३ व्होल्टांचा दाब पुरे होतो. त्या वेळीं लागणारी उष्णताहि विजेकडूनच घ्यावयाची म्हटल्यास १.४८ व्होल्ट लागतात. प्रत्यक्षांत कारखान्यांतील यंत्रें १.८ ते २ व्होल्टांवर चालतात. मधलें जें अंतर, त्याचा कांहीं भाग द्रवांतून व पटलांतून वीज वाहतांना जातो आणि मोठा भाग पत्र्यांच्या पृष्ठभागावरील अडथळ्यांत जातो. ती सारी वीज उष्णता होऊन उडून जाते. दोन पत्र्यांपैकीं धनाग्रावरील अडथळा अधिक मोठा असतो, कारण प्राणवायूचा एक रेणु सुटण्यास विद्युत्कणांच्या चार देवघेवी व्हाव्या लागतात, तर हायड्रोजनचा रेणु दोन देवघेवींतच सुटतो.

एक किलो हायड्रोजनास दर व्होल्टामागें सुमारें २६.६ युनिटें वीज लागते. म्हणजे १.४८ व्होल्टांवर ३९.४ युनिटें व १.९ व्होल्टांवर साडेपन्नास युनिटें. व्होल्टाचा दहावा भाग कमी झाला तर किलोमागें २.६६ युनिटें व युरियाच्या पोत्यामागें सुमारें १२ युनिटें वीज वांचते. उत्प्रेरकाविषयींची कोणतीहि वार्ता वाचतांना एवढें एक माप हाताशीं असलें म्हणजे तिची किंमत आपणांस स्वतः ठरवितां येईल.

मौल्यवान् धातूंची अडचण

हायड्रोजन सोडविण्यास प्लॅटिनम हा धातु सर्वांत चांगला आहे, व आम्लधर्मी पटलाच्या यंत्रांत प्राणवायु सोडविण्याच्या बाजूस इरिडियम हा धातु टिकतो. तीं यंत्रें लहान जागेंत बसतात व सूर्याच्या विजेप्रमाणें कमीजास्त होणाऱ्या विजेवर चांगलीं चालतात. परंतु इरिडियम जगांत वर्षाला अवघा सात-आठ टन निघतो आणि त्याचा बहुतेक भाग एकट्या दक्षिण आफ्रिकेंतून येतो. अशा यंत्रांस आजच्या रचनेप्रमाणें दर दहा लाख किलोवॉट शक्तीमागें सुमारें ४०० किलो इरिडियम लागतो. केंद्रीय मंत्रिमंडळानें ४ जानेवारी २०२३ रोजीं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेस मंजुरी दिली. तींत १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद आहे व २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन करण्याचें ध्येय आहे. त्यास सहा ते दहा कोटी किलोवॉट शक्तीचीं यंत्रें लागतील असा अंदाज आहे. सहा कोटी किलोवॉटांचीं सर्व यंत्रें इरिडियमचीं करूं म्हटल्यास २४ टन, म्हणजे साऱ्या जगाचें तीन वर्षांचें उत्पन्न एकट्या हिंदुस्थानास लागेल. हें होणें नाहीं. यास्तव साध्या धातूंचा उत्प्रेरक ही काटकसरीचीच बाब राहत नाहीं. त्यावांचून हें काम मोठ्या प्रमाणावर चालणारच नाहीं.

असा पेंच खताच्या इतिहासांत पूर्वीं एकदां सुटलेला आहे. १९०९ सालीं जर्मनींत फ्रिट्झ हाबर यानें हवेंतील नत्र व हायड्रोजन यांचा संयोग घडवून अमोनिया केला, तेव्हां त्याचा उत्प्रेरक ऑस्मियम हा अतिदुर्मिळ धातु होता. कार्ल बॉश याचा सहकारी आल्विन मिट्टाश यानें त्याच्या जागीं चालेल असा पदार्थ शोधण्यास सुमारें अडीच हजार पदार्थांवर साडेसहा हजार प्रयोग केले. त्यांत स्वीडनच्या लोहखनिजाचा एक नमुना उत्तम ठरला, आणि त्या लोखंडांत कोणतीं द्रव्यें थोडीं मिसळलीं असतां तें चांगलें चालतें हें शोधून ॲल्युमिना व पोटॅश यांच्या जोडीनें त्यानें लोखंडाचा उत्प्रेरक सिद्ध केला. १९१३ सालीं त्यावर ओपाउ येथें कारखाना चालला. आजहि आपल्या युरियाच्या पोत्यामागील अमोनिया त्याच जातीच्या लोखंडी उत्प्रेरकावर होतो.

स्वस्त उत्प्रेरक कसा घडवितात

मिट्टाश यास एकामागून एक पदार्थ पारखून पाहावे लागले. आजच्या संशोधकांस कांहीं नियम हातीं लागले आहेत, त्यामुळें शोध आंधळा राहिला नाहीं.

पहिला नियम पकडीचा. उत्प्रेरकाच्या पृष्ठभागानें हायड्रोजनच्या अणूस धरलें पाहिजे व वेळीं सोडलेंहि पाहिजे. राबांतील रोप फार घट्ट बसलेलें असेल तर उपटतांना मूळ तुटतें, व फार सैल असेल तर तें आवणीपूर्वींच आडवें होतें. तसाच हा प्रकार. पकड मध्यम असावी, हें तत्त्व १९१२ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या पॉल साबात्ये ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या नांवानें ओळखलें जातें. निकेल हायड्रोजनास जरा अधिक घट्ट धरतो. त्यांत मॉलिब्डेनम मिसळला असतां मिश्रधातु प्लॅटिनमच्या पुष्कळ जवळ येतो. अशा पकडीचें गणित आतां संगणकावर आधीं करून पाहतात व ज्यांत कांहीं तथ्य दिसेल तेच पदार्थ प्रयोगास घेतात.

दुसरा नियम थोड्याशा भेसळीचा. प्राणवायूच्या बाजूस निकेल पूर्वींपासून वापरीत असत. १९८७ सालीं अमेरिकेंत डेनिस कॉरिगन यानें दाखविलें कीं, द्रावणांत अत्यल्प लोह मिसळलेलें असलें तरी निकेल-ऑक्साइडवर प्राणवायु फारच सुलभतेनें सुटतो. जी भेसळ काढून टाकावी असें वाटे, तीच कामाची निघाली. निकेल व लोह यांचा थरांथरांचा संयुक्त पदार्थ आज कॉस्टिक पोटॅशच्या यंत्रांसाठीं अत्युत्तम स्वस्त उत्प्रेरकांत गणला जातो.

तिसरा नियम पृष्ठभागाचा. क्रिया धातूच्या पोटांत होत नाहीं, पृष्ठावर होते. गुळाच्या ढेपेपेक्षां तिचा चुरा लवकर विरघळतो, त्याप्रमाणें पत्रा सच्छिद्र केला किंवा त्यावर अतिसूक्ष्म कणांचा लेप दिला, तर त्याच वजनाच्या धातूवर पुष्कळ अधिक क्रिया होते. शिवाय सारा पृष्ठभाग सारखा कामाचा नसतो. मोटारीच्या वंगणांत घालतात तें मॉलिब्डेनमचें सल्फाइड पातळ थरांचें असतें, आणि हायड्रोजन त्या थरांच्या कडांवर सुटतो, सपाट भागावर नाहीं, असें २००७ सालीं प्रयोगानें सिद्ध झालें. तेव्हांपासून कडा अधिक निघतील अशी त्याची घडण करण्याकडे लक्ष लागलें.

चौथा नियम टिकाऊपणाचा, व आमच्या मतें तो सर्वांत महत्त्वाचा. प्रयोगशाळेंत बहुधा दर चौरस सेंटिमीटरास १० मिलिअँपिअर इतक्या सौम्य प्रवाहावर कांहीं तास किंवा कांहीं दिवस परीक्षा होते. कारखान्यांत त्याच्या वीस ते पन्नास पट व त्याहूनहि अधिक प्रवाह असतो, द्रावण ऊन असतें, आणि यंत्र सात-आठ वर्षें, म्हणजे साठ हजार तासांहून अधिक काळ चालावें अशी अपेक्षा असते. त्यांत सूर्याची वीज असली तर यंत्र रोज संध्याकाळीं थांबतें व सकाळीं पुन्हां चालूं होतें. थांबतांना विजेचा उलटा प्रवाह वाहून लेप झिजतो. स्वस्त धातूंचे उत्प्रेरक बहुधा येथेंच फसतात. आम्लांत तर लोखंड, निकेल व कोबाल्ट विरघळूनच जातात. म्हणून त्यांचें खरें क्षेत्र कॉस्टिक पोटॅशचीं यंत्रें हेंच आहे.

आपल्या शेतांतील उत्प्रेरक

हें सर्व परकें वाटूं नये म्हणून सांगतों कीं, पाणी फोडण्याचें काम आपल्या खाचरांत दररोज चाललेलें असतें. भाताचें हिरवें पान सूर्यप्रकाशाच्या बळावर पाणी फोडतें व प्राणवायु सोडतें. त्यासाठीं तें ना प्लॅटिनम वापरतें, ना इरिडियम. मॅंगेनीजचे चार व कॅल्शियमचा एक अणु प्राणवायूच्या अणूंनीं जोडून केलेला एक सूक्ष्म पुंजका त्याचा उत्प्रेरक होय. २०११ सालीं जपानी संशोधकांनीं त्याची रचना बारकाईनें उलगडून दाखविली. ह्या पुंजक्यास धरून ठेवणारीं प्रथिनें कडक उन्हांत वारंवार बिघडतात व पान तीं पुनःपुन्हां नवीं करून बसवितें. ह्याच धर्तीवर काम करणारा कोबाल्ट व फॉस्फेट यांचा, स्वतःची झीज स्वतः भरून काढणारा उत्प्रेरक अमेरिकेंत २००८ सालीं कानन व नोसेरा यांनीं तयार केला.

भात निघाल्यावर जमिनींतील ओलीवर आपण वाल पेरतों. त्याच्या मुळांवरील गांठींत राहणारे जंतु हवेंतील नत्र धरतात, व तें करतांना थोडा हायड्रोजनहि सोडतात. त्यांच्या ठायीं जो पदार्थ हें काम करतो त्याच्या मर्मस्थानीं लोह, मॉलिब्डेनम व गंधक आहेत. डेन्मार्कमधील संशोधकांनीं २००५ सालीं मॉलिब्डेनमच्या सल्फाइडकडे लक्ष वेधलें, तें ह्याच रचनेशीं साम्य पाहून. वालाच्या गांठीनें प्रयोगशाळेस वाट दाखविली, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

महाराष्ट्रांत चाललेलें काम

तुर्भें येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानें सच्छिद्र निकेलच्या पत्र्यांचें, कॉस्टिक द्रावणावर चालणारें विघटक यंत्र स्वदेशांत सिद्ध केलें आहे. तें मोठ्या प्रमाणावर आणण्यासाठीं भारत पेट्रोलियम कंपनीनें डिसेंबर २०२१ मध्यें केंद्राशीं सहकार्य जाहीर केलें. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत प्रा. चंद्रमौळी सुब्रह्मण्यम यांच्या मंडळीनें कार्बनच्या सूक्ष्म रचनेवर कोबाल्ट-ऑक्साइडचे कण बसवून त्याजवळ लोहचुंबक ठेवण्याची युक्ति योजिली. त्यायोगें हायड्रोजन निघण्याचा वेग सुमारें तिप्पट झाला व शक्ति सुमारें शेंकडा १९ कमी लागली, असें त्यांनीं प्रसिद्ध केलें आहे. १९५० सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत हायड्रोजनवर वीज करणाऱ्या घटांचें काम पुष्कळ वर्षें चालू आहे, व तशा घटावर चालणारी बस ऑगस्ट २०२२ मध्यें पुण्यांत लोकांसमोर आली. महाराष्ट्र सरकारनेंहि २०२३ सालीं आपलें हरित हायड्रोजनविषयक धोरण मंजूर केलें.

पवईचा प्रयोग आपल्या मापानें पाहूं. तो प्रयोगशाळेंतील लहान प्रमाणावरचा आहे. शेंकडा १९ शक्ति मोठ्या यंत्रांतहि वांचली, तर तो फार मोठा लाभ होईल. परंतु ती तेथें वांचते कीं नाहीं, व किती वर्षें वांचत राहते, हें मोठें यंत्र चालवूनच ठरावयाचें आहे.

खर्चाचा ताळा

आतां मुख्य प्रश्न हा कीं, ह्यापासून खत स्वस्त होईल काय. १.९ व्होल्टांवर एका पोत्याच्या हायड्रोजनास सुमारें २२७ युनिटें वीज लागते. युनिटास पांच रुपये धरल्यास ती १,१३५ रुपयांची झाली. उत्तम उत्प्रेरकानें तेंच यंत्र १.७ व्होल्टांवर चाललें तर २०३ युनिटें, म्हणजे १,०१५ रुपये. पोत्यामागें १२० रुपये वांचले. सरकारनें बांधून दिलेली युरियाच्या पोत्याची किंमत, कर व निंबोळीच्या लेपाचा खर्च सोडून, २४२ रुपये आहे. तेव्हां केवळ उत्प्रेरकाच्या बळावर हें खत त्या किंमतीस येणार नाहीं, हें उघड आहे. हीच वीज अडीच रुपयांनीं मिळाली तर खर्च सुमारें ५०८ रुपयांवर येतो. ह्यावरून असें दिसतें कीं वीज स्वस्त, यंत्र स्वस्त व उत्प्रेरक टिकाऊ, ह्या तीन गोष्टी एकत्र आल्या पाहिजेत. उत्प्रेरकाचा वांटा त्यांत दुहेरी आहे: तो वीज वांचवितो, आणि साध्या धातूंचा असल्यामुळें यंत्राची किंमतहि खालीं आणतो.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. युरियास कर्बवायु लागतो व तो पाण्यांतून मिळत नाहीं. आजच्या कारखान्यांत तो नैसर्गिक वायूंतूनच निघतो. यास्तव पाण्यापासून केलेल्या अमोनियाचा उपयोग प्रथम डी. ए. पी., अमोनियम सल्फेट यांसारख्या, कर्बवायु न लागणाऱ्या खतांकडे होणें अधिक सोपें आहे.

कित्येक शेतकरी बंधूंनीं सौर पंप बसविले आहेत व पावसाळ्यांत ते रिकामे असतात. त्यावर घरींच हायड्रोजन करावा, असा विचार कोणाच्या मनांत येईल. तीन अश्वशक्तीच्या पंपाच्या पट्ट्या चांगल्या उन्हाच्या दिवशीं सुमारें १२ युनिटें देतात. त्या हिशेबानें एका पोत्याचा नुसता हायड्रोजन काढण्यास असे १९ दिवस लागतील, व त्याचा अमोनिया करण्यास मोठा दाब व तीव्र उष्णता देणारें यंत्र निराळेंच. शिवाय हवेंत शेंकडा ४ पासून ७५ पर्यंत हायड्रोजन मिसळला असतां ठिणगीनें स्फोट होतो, आणि कॉस्टिक पोटॅश डोळ्यांत उडाल्यास दृष्टि जाऊं शकते. हें काम घरीं करण्याजोगें नाहीं.

पाणी कोणाचें जाईल

शहापूरकर हा प्रश्न विचारल्यावांचून राहणार नाहीं. भातसा, तानसा, मोडकसागर हे जलाशय ह्याच तालुक्यांत; त्यांचें पाणी मुंबईस जातें, आणि चैत्र-वैशाखांत आपल्याच कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. धरण उशाशीं आणि कोरड घशाशीं, ही म्हण येथें कोणास समजावून सांगावी लागत नाहीं. देशाचें ५० लाख टनांचें ध्येय पुरें झालें तर वर्षाला साडेचार कोटी घनमीटर पाणी प्रत्यक्ष फुटेल. भातसाचा उपयुक्त सांठा सुमारें ७१ कोटी ७० लाख घनमीटर आहे. म्हणजे साऱ्या देशाची ही गरज एकट्या भातसाच्या सोळाव्या हिश्श्याइतकी आहे. पाणी शुद्ध करणें व यंत्रें थंड ठेवणें ह्यांस आणखी तितकेंच किंवा दुप्पट लागेल असें धरलें तरी देशाच्या मानानें तें फार नाहीं. परंतु पाणी देशाच्या सरासरीनें प्यावयाचें नसतें, गांवच्या विहिरीवर प्यावयाचें असतें. एखादा कारखाना तहानलेल्या खोऱ्यांत आला तर तेवढेंहि पाणी जड होईल. म्हणून असे कारखाने किनाऱ्यालगत, शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर किंवा गोड केलेल्या समुद्रजलावर चालावेत, ही मागणी आतांपासूनच करणें रास्त आहे. अशुद्ध पाण्यानें उत्प्रेरक बिघडतो व पाणी कसेंहि शुद्ध करावेंच लागतें. तेव्हां ही मागणी कारखानदारास अशक्य कोटींतील नाहीं.

फसव्या यंत्रांविषयीं इशारा

पाण्यावर ट्रॅक्टर चालवितों, पंपास डबा जोडून निम्में डिझेल वांचवितों, असें सांगणारे विक्रेते अधूनमधून बाजारांत दिसतात. त्यांच्या बोलण्यांत उत्प्रेरक हा शब्द हटकून येतो. वर सांगितलेली घाटाची गोष्ट येथें आठवावी. पाणी फोडण्यास जितकी शक्ति लागते तितकीच, त्याहून तिळभर अधिक नाहीं, हायड्रोजन जाळून परत मिळते; आणि मधल्या प्रत्येक पायरीवर कांहीं वायां जाते. इंजिनाच्याच शक्तीनें वीज करून, तिनें पाणी फोडून, तोच वायु इंजिनास देणें म्हणजे पाटाच्या खालच्या टोकाचें पाणी पंपानें वर चढवून त्याच पाटांत सोडणें होय. कोणताहि उत्प्रेरक पठाराची उंची बदलूं शकत नाहीं. असला माल पुढें आल्यास तीन प्रश्न विचारावेत: किलोमागें किती युनिटें लागतात, किती तास चालवून पाहिलें, आणि वीज येते कोठून. ३९ युनिटांहून कमी सांगणारा मनुष्य, बाहेरून वेगळी उष्णता पुरवीत नसेल तर, खोटें बोलत आहे असें खुशाल समजावें.

आज काय करावें

स्वस्त उत्प्रेरकावरचें खत आपल्या गोदामांत येण्यास अवकाश आहे. तोंवर जें नत्र हातीं आहे तें वायां न दवडणें हें आपल्याच हातीं आहे. युरियांतील एक किलो नत्रामागें हायड्रोजनासाठीं सुमारें ११ युनिटें विजेचा हिशेब पडतो. तेव्हां खाचरांतून वाहून गेलेल्या प्रत्येक किलोबरोबर तितकी शक्ति ओढ्याला मिळते. युरिया फेंकून देण्याऐवजीं चार चुडांच्या मध्यें ब्रिकेट चिखलांत खोल खोंचणें, बांध दुरुस्त ठेवणें, गिरिपुष्पाचा पाला चिखलणीच्या वेळीं गाडणें व भातामागून वाल घेणें, ह्या गोष्टी आपणांस परिचित आहेत. खताचें पोतें ज्या लांबच्या वाटेनें येतें ती ठाऊक झाल्यावर त्यांचें मोल अधिक पटावें, आणि पाण्यापासून खत करण्याच्या योजना जेव्हां आपल्या जिल्ह्यांत येतील तेव्हां सभासदांनीं हिशेब मागून त्यांची पारख करावी, एवढ्यासाठीं हा विषय वाचकांपुढें ठेविला आहे.